हवा किती भरली?

लातूरच्या आडतीवर सोयाबीनचं पोतं सोडलं की खरेदीदार आधी भाव बोलत नाही. मूठभर दाणे तळहातावर पसरतो, फुंकर मारतो, एखादा दाणा दाताखाली फोडून बघतो आणि मग यंत्राच्या वाटीत दाणे भरून झाकण आवळतो. पडद्यावर आकडा येतो. त्या आकड्याला आमच्याकडं ‘हवा’ म्हणतात. हवा म्हणजे दाण्यातला ओलावा. दहा टक्के हवा, दोन टक्के माती, दोन टक्के डागी, एवढ्यात बसला तो चोख माल. बाजारातलं त्याचं नाव ‘दहा-दोन-दोन’. बे एक बेच्या आधी मला हा पाढा पाठ झाला होता.

२०२४ च्या नोव्हेंबरात आमचे अण्णा वीस पोती घेऊन एका हमीभाव केंद्रावर गेले. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारभाव त्याच्या बराच खाली. केंद्रावरची अट बारा टक्क्यांची. परतीच्या पावसात भिजलेल्या अण्णांच्या सोयाबीनची हवा भरली साडेतेरा. पोती जशी गेली तशी परत आली. अंगणात ताडपत्री पसरून अण्णा पायानं सोयाबीन पांगवत होते. मला वाटलं, आता तासभर तरी शिव्या ऐकाव्या लागतील. पण अण्णा शांत होते.

“बारा म्हंजे बारा. भिंतीवर लिव्हलेलंच हाय. वाळवू अन् न्हिऊ.”

त्यांचा राग होता तो दुसऱ्याच माणसावर. त्याच्या आदल्या वर्षी एका व्यापाऱ्यानं यंत्राची पाठ त्यांच्याकडं करून आकडा स्वतःच वाचला होता आणि ‘हवा हाय’ एवढंच म्हणून भाव पाडला होता. “आकडा दाखवला न्हाई त्येनं,” ही तक्रार अण्णा वर्षभर सांगत होते. भाव किती पडला हे ते विसरले होते, आकडा दाखवला नाही हे विसरले नव्हते.

त्याच आठवड्यात मला विमानानं बंगळूरला जायचं होतं. माझं काम ध्वनिमुद्रणाचं. चाकूर-अहमदपूरकडच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतो. त्या ओव्यांची साफसफाई करायला एका ओळखीच्या स्टुडिओत निघालो होतो. रात्री ओसरीवर बॅग भरायला बसलो आणि अण्णा समोर येऊन बसले. लॅपटॉप. रेकॉर्डर. दोन माइक. तीन हार्डडिस्क. हेडफोन. पॉवर बँक. आठ पेन्सिल सेल. कार्ड रीडर. आणि जत्रेतल्या गारुड्याच्या टोपलीत असाव्यात तशा वेटोळ्या घातलेल्या वायरी.

“येवढं सगळं त्या विमानतळावर काढून दावायचं?”

“हो.”

“अन् परत भरायचं?”

“हो.”

“मग आत्ता कशाला भराया लागलास?”

याला उत्तर नव्हतं.

त्या दिवसांत विधानसभेची धामधूम होती आणि आमच्या जिल्ह्यात बॅगांचाच विषय चालू होता. उद्धव ठाकरे यांच्या बॅगा आधी यवतमाळ जिल्ह्यात वणीला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या औसा भागात, हेलिकॉप्टरमधून उतरल्यावर, निवडणूक पथकानं तपासल्या. त्यांनी स्वतःच व्हिडिओ काढून जाहीर विचारलं, की हीच तपासणी सत्तेतल्या नेत्यांचीही होते का. पाठोपाठ नितीन गडकरी यांचंही सामान लातूरला तपासल्याची बातमी आली. अण्णा टीव्हीसमोर खुशीत होते. “आता हेलिकॉप्टरचीबी हवा बघायलेत,” म्हणाले. पुढं त्यांनी जे जोडलं ते मला प्रवासभर पुरलं. “बघू द्या की. सगळ्यांचं एकाच वाटीत बघा म्हंजे झालं.”

लातूरला विमानतळ नाही असं नाही. चिंचोलीराव वाडीजवळ चांगली धावपट्टी आहे. पण नियमित प्रवासी विमान नाही, त्यामुळे लातूरकर विमान पकडायला पुण्याला, हैदराबादला नाहीतर नांदेडला जातो. मी नांदेड धरलं आणि सकाळची एसटी पकडली. आष्टामोड, चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, लोहा असा हा रस्ता. दोन्ही बाजूंना तूर फुलावर आलेली, उसाच्या ट्रॉल्या रस्त्याचा पाऊण भाग व्यापून चाललेल्या, आणि दर दहा मिनिटांनी प्रचाराची एक जीप भोंगा वाजवत जाणारी. अहमदपूरच्या पुढं एका नाक्यावर पथकानं गाड्या थांबवल्या होत्या. एका चारचाकीची डिकी उघडून तपासणी चालली होती. आमच्या एसटीकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “आपल्या पिशवीत काय हाय म्हणून बघतेत?” त्यांच्या पिशवीत येसराचा, म्हणजे तिखट मसाल्याचा डबा होता, लेकीसाठी. येसराचा वास सगळ्या बसला आला होता. मला उगीच विमानतळाची आठवण झाली. सुट्टं तिखट तिथं हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत. डोळ्यांत फेकता येतं म्हणून. मावशींचं येसर तिथं गेलं असतं तर त्याला मसाला म्हणावं की हत्यार, यावर चांगली चर्चा झाली असती.

माळेगाव आलं. मार्गशीर्षात इथं खंडोबाची जत्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, सगळ्यांचा बाजार. आत्ता माळ मोकळा होता. लहानपणी अण्णांबरोबर या बाजारात आलो होतो तेव्हा दोन माणसं रुमालाखाली हात घालून उभी दिसली होती. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. मला ती जादू वाटली होती. अण्णा म्हणाले होते, रुमालाखालचा सौदा दोघांनाच कळतो, पण निदान दोघांना तरी कळतो.

विमानतळावर मला जो मनस्ताप झाला तो असाच रुमालाखालचा. फरक एवढाच की तिथं रुमालाखाली हात फक्त एका बाजूचा असतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका महानगराच्या विमानतळावर सकाळी सहाची रांग. माझ्या पुढं दीडशे माणसं, मागं दीडशे. पट्ट्याजवळचा जवान ओरडत होता, “लॅपटॉप बाहेर, मोबाइल बाहेर, चार्जर बाहेर.” मी तिन्ही काढले. बॅग आत गेली आणि दुसऱ्या पट्ट्यावर वळली. बाजूला घेतलेली बॅग लांबून ओळखू येते, तसा तिचा मालकही. “रेकॉर्डर का नाही काढला?” सांगितलं नव्हतं. “सगळं इलेक्ट्रॉनिक काढायचं असतं.” काढलं. पुन्हा बॅग आत. पुन्हा वळली. “वायरी.” वायरी काढल्या. तिसऱ्यांदा वळली. आता कारण होतं पेन्सिल सेल. आठ सेल एका डबीत होते. “हे चालणार नाहीत.” मी म्हटलं, मागच्या महिन्यात याच विमानतळावरून नेले. उत्तर आलं, “तेव्हा नेले असतील.” सेल एका टोपलीत पडले. तिथं लायटर, कात्र्या आणि एक चिवड्याचं पाकीट माझ्या सेलांची वाट बघत होतं. चिवड्याचा गुन्हा काय होता हे आजही मला माहीत नाही.

तोवर माझा लॅपटॉप पलीकडच्या ट्रेमध्ये एकटा पोचला होता आणि एक गृहस्थ तो स्वतःचा समजून पिशवीत घालत होते. दोन्ही लॅपटॉप राखाडी, दोन्ही एकाच कंपनीचे. बूट नसलेल्या पायांनी धावत जाऊन मी तो सोडवला. गृहस्थांनी माफी मागितली. खरं म्हणजे आमच्या दोघांचीही चूक नव्हती. आपल्या वस्तू एका रांगेत आणि आपण दुसऱ्या रांगेत, ही व्यवस्थाच तशी होती.

विमानात बसल्यावर मला कळलं, की मला राग सेल गेल्याचा नव्हता. साठ-सत्तर रुपयांचे सेल. राग ‘तेव्हा नेले असतील’ या वाक्याचा होता. यंत्राची पाठ माझ्याकडं होती.

गंमत अशी की हे यंत्र काय बघतं, ते माझ्यासारख्या वायरींत जन्म गेलेल्या माणसाला कळणं अवघड नाही. क्ष-किरण बॅगेतून पार जातात आणि पडद्यावर सगळ्या वस्तूंची एकमेकांवर पडलेली सावली उमटते. यंत्र दोन वेगवेगळ्या ताकदीचे किरण वापरून वस्तूचा अंदाज घेतं आणि त्याला रंग देतं. कापड, कागद, भाकरी, साबण, असलं सगळं नारिंगी. धातू निळा. मधलं हिरवं. आणि किरण जिथून जाऊच शकत नाहीत तिथं काळा ठिपका. घोळ असा, की स्फोटकंसुद्धा सेंद्रिय, म्हणजे नारिंगीतच मोडतात. चिवडा, येसर आणि साबणाच्या पंगतीला बसतात. लॅपटॉपमध्ये बॅटरी, पट्ट्या, पंखा एकावर एक रचलेले. त्याच्या सावलीखाली काय आहे ते दिसत नाही. म्हणून तो वेगळ्या ट्रेमध्ये, उताणा. वायरींचं वेटोळं, सेल आणि मधे एखादा नारिंगी गोळा दिसला की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येणारच. त्याला शिकवलेलंच तसं असतं.

आणि शिकवायला कारणही आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब सामानातून आला होता. २१ डिसेंबर १९८८ ला पॅन अ‍ॅमचं विमान स्कॉटलंडमधल्या लॉकर्बी गावावर कोसळलं. विमानातली २५९ आणि गावातली ११ माणसं मेली. तिथं स्फोटक लपवलं होतं एका रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये. म्हणजे माझ्या रेकॉर्डरच्या थोरल्या चुलत्यातच. हे कळल्यापासून रेकॉर्डर हातात घेऊन उलटसुलट बघणाऱ्या माणसावर मला रागावता येत नाही. आपल्याकडं १९७६ च्या विमान अपहरणानंतर नागरी विमान सुरक्षेचा वेगळा विभाग १९७८ मध्ये उभा राहिला आणि १९८७ मध्ये तो स्वतंत्र झाला. १९९९ च्या डिसेंबरात आयसी-८१४ हे विमान अपहरण करून कंदाहारला नेलं गेलं, त्यानंतर विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल आलं, पहिल्यांदा जयपूरला, ३ फेब्रुवारी २००० रोजी. प्रत्येक नियमामागं कुणाचं तरी मरण आहे. पण ट्रेमध्ये चपला ठेवणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. त्याला फक्त ‘काढा’ ऐकू येतं.

त्यात आता यंत्रंही दोन प्रकारची झाली. मोठ्या विमानतळांवर दवाखान्यातल्या सीटी स्कॅनसारखी यंत्रं बसवायचं ठरलं आहे. ती बॅगेभोवती फिरून सगळ्या बाजूंनी चित्र घेतात, पडद्यावर बॅग फिरवून बघता येते, लॅपटॉप आतच राहिला तरी चालतं. म्हणजे एकाच प्रवासात जाताना ‘काढा’ आणि येताना ‘काढू नका’. दोन्ही बरोबर. फक्त दोन्हीकडं सूर असा, की हे तुम्हाला ठाऊक नाही म्हणजे कमाल आहे.

एसटी नांदेडला पोचली. तिथला विमानतळ शहराला लागूनच आहे. गुरू गोविंदसिंगांचं नाव त्याला. २००८ च्या शिखांच्या गुरुतागद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या वेळी तो नव्यानं उभारला गेला. ‘उडान’ योजनेतली पहिली विमानं २७ एप्रिल २०१७ ला सुरू झाली, त्यांत नांदेड-हैदराबाद होतं. मधे ती बंद पडली, मग २०२४ मध्ये पुन्हा विमानं आली. तेव्हा एकच विमान बंगळूरहून नांदेडला यायचं, पुढं दिल्लीजवळच्या हिंडनला, जालंधरजवळच्या आदमपूरला जायचं आणि त्याच वाटेनं परतायचं. एका बाजूला बंगळूरला नोकरी करणारी लातूर-नांदेड-परभणीची पोरं, दुसऱ्या बाजूला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याचं दर्शन घेऊन निघालेला पंजाब. इवल्याशा इमारतीत दोन्ही रांगा एकमेकांना चिकटून उभ्या असायच्या.

माझ्या पुढं एक सरदारजी आजोबा होते. येताना सचखंड एक्स्प्रेसनं आले होते, जाताना मुलानं विमानाचं तिकीट काढून दिलं होतं. पहिलंच विमान. त्यांच्या अंगावर गातऱ्यात, म्हणजे खांद्यावरून घेतलेल्या पट्ट्यात, लहानशी किरपाण होती. माझ्या मनात आलं, आता इथं अर्धा तास. चौदा वर्षांच्या मुलीची नखं कापायची कात्री काढून घेणारे लोक किरपाण कशी सोडतील?

पाव मिनिट लागलं. तपासणाऱ्यानं नम्रपणे विचारलं, आजोबांनी दाखवली, त्यानं लांबी बघितली, मान हलवली. आजोबा पुढं गेले. मागाहून कळलं, की ४ मार्च २०२२ चा लेखी आदेश आहे. देशातल्या विमानात शीख प्रवाशाला किरपाण नेता येते. पातं सहा इंचांपेक्षा मोठं नको, मुठीसकट नऊ इंचांपेक्षा मोठी नको. सेंटिमीटरमध्येसुद्धा दिलं आहे, १५.२४ आणि २२.८६. दोन्ही बाजूंना आकडा माहीत. आजोबांनी घरूनच मापाची किरपाण आणली होती, तपासणाऱ्याला मापापलीकडं काही विचारायचं नव्हतं. कुणाची श्रद्धा तपासायची वेळ आली नाही, फूटपट्टीवर काम भागलं. विमानतळावर दोन माणसं इतक्या सन्मानानं एकमेकांपासून सुटलेली मी क्वचितच बघितली आहेत.

मग माझी पाळी. किरपाण गेली आणि वायरी अडकल्या.

पट्ट्यापलीकडं एक ताई होत्या. बोलण्यावरून आमच्याच भागातल्या. बॅग बाजूला घेऊन म्हणाल्या, “काका, कुठं चाललाव एवढ्या वायरी घिऊन?” प्रश्न रागाचा नव्हता, कुतूहलाचा होता. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “पडद्यावर नुसता गुंता दिसायलाय. बॅटरीच्या मागं काय हाय कळंना. एवढं तीन ट्रेत मोकळं करा, एका झटक्यात व्हईल.” मला कारण सांगितलं गेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी वायरी आनंदानं सोडवल्या.

रेकॉर्डर हातात घेऊन त्यांनी फिरवून बघितला. “हे चालू करून दावा.” वस्तू खरोखर तीच आहे का हे बघायचा हा सरळ उपाय, पोकळ डबा चालू होत नाही. मी बटण दाबलं. शेवटचं मुद्रण लागलं आणि छोट्या स्पीकरमधून, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, चाकूरकडच्या एका आजी म्हणाल्या, “आरं, आदी च्या पी. मग लाव तुजं यंत्र.”

पुढची-मागची सगळी हसली. पुढं जाऊन बूट घालत बसलेल्या सरदारजींना शब्द कळले नाहीत, तरी तेही हसले. म्हातारीचा दम कुठल्याही भाषेत कळतो. ताई ओठ दाबून म्हणाल्या, “चालू हाय. बंद करा.”

राहिली पॉवर बँक. ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, खालच्या सामानात चालत नाही. लिथियमची बॅटरी तापून पेटली तर आतल्याआत तापत जाते, सहजी विझत नाही. माणसांमध्ये पेटली तर कुणीतरी धावेल, सामानाच्या पोटात पेटली तर कुणाला कळणार? माझ्या या प्रवासानंतर दोन-अडीच महिन्यांनी, २८ जानेवारी २०२५ ला, कोरियात गिमहे विमानतळावर एक विमान उड्डाणाआधी जळालं. पॉवर बँकेतून आग लागली असावी असा तिथल्या तपासाचा अंदाज होता. नशिबानं सगळी माणसं वेळेत बाहेर पडली. पण पॉवर बँकेची मर्यादा आहे ती वॉट-अवरमध्ये, शंभरपर्यंत बिनविचारता, त्यापुढं एकशे साठपर्यंत विमान कंपनीला विचारून. आणि पॉवर बँकेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं ते एमएएच. नियम एका मापात आणि माल दुसऱ्या मापात, शेर आणि किलोसारखं. माझ्या पॉवर बँकेवरची छपाई खिशात घासून निम्मी गेलेली.

ताईंनी ती उजेडाकडं तिरकी धरली. अण्णा यंत्राचा आकडा वाचताना असंच डोळे बारीक करतात. “वीस हजार दिसायलंय. पुढचं पुसलंय.” मी म्हटलं, वीस हजार गुणिले तीन पूर्णांक सात, भागिले हजार. “किती आलं?” चौऱ्याहत्तर. त्यांनी अजून एकदा तिरकी केली. कडेला बारीक अक्षरांत ७४ होतं. त्यांनी अंगठ्यानं दाखवलं, “हे बघा, हाय की. पुढच्या टायमाला चिकटपट्टी लावा ह्याच्यावर, पुसलं तर नेऊ देत नसतेत.” मला आकडा दाखवला गेला होता.

ट्रेमधलं एकेक उचलून बॅगेत भरताना शेजारी एक पोरगी घड्याळ, कर्णफुलं, पट्टा सराईतपणे चढवत होती. कुठली म्हणून विचारलं, तर लातूरची. “‘नीट’ परीक्षेला दोनदा बसले होते काका, सवय आहे.” लातूरच्या पोरांना तपासणीचं अप्रूप काय. अर्ध्या बाह्या, पायात चपला, पाण्याची बाटली पारदर्शक, घड्याळ नको, दागिना नको, मोबाइल तर नकोच. शिकवण्यांच्या गल्लीत परीक्षेच्या आधी पालक यादी हातात धरून चपला विकत घेताना मी बघितले आहेत. ते वैतागतात, पण दारात भांडत नाहीत. कारण यादी आधी हातात मिळते. ज्या पोराची पूर्ण बाही ऐन दारात कापली जाते त्याच्या आईचं रडू वेगळं असतं. ते कडक नियमाचं नसतं, अचानक कळलेल्या नियमाचं असतं.

विमानात शहात्तर आसनं. उडाल्यावर गोदावरी दिसली, मग काळी शेतं. माझ्या मांडीवरच्या बॅगेत तीन हार्डडिस्क आणि त्यांत सत्तर-ऐंशी आज्या. निघताना अण्णांनी विचारलं होतं, त्या किरणांनी म्हाताऱ्यांचे आवाज जळत नाहीत का? जुन्या काळी कॅमेऱ्याच्या रिळाला धोका असायचा, जास्त वेगाच्या फिल्मवर धुकं चढायचं. हार्डडिस्कला, कार्डाला काही होत नाही. आज्या क्ष-किरणांतून सुखरूप पार झाल्या होत्या. त्यांनी आयुष्यात याहून वाईट काय काय सोसलं होतं.

बंगळूरचं काम पाच दिवसांत उरकलं. परतताना विमान घेतलं नाही. यशवंतपूरहून लातूरला थेट रेल्वे आहे, बिदर-उदगीरवरून येते. स्टेशनात कुणी ट्रे पुढं केला नाही, वायरी सोडवायला लावल्या नाहीत. समोरच्या बर्थवरचा माणूस एका पॉवर बँकेला तीन मोबाइल जोडून झोपी गेला. ती पॉवर बँक वीटभर जाडीची होती. किती वॉट-अवरची असेल याचा हिशेब करत मी जागा राहिलो. ज्या तपासणीला मी वर्षानुवर्षं नावं ठेवली, ती नसल्यामुळे मला झोप लागली नाही, हे कबूल करायला पाहिजे.

सकाळी घरी पोचलो तर अंगण रिकामं. ताडपत्रीची घडी भिंतीशी लावलेली.

“सोयाबीन?”

“गेलं हमीभावानं.”

मी गेलो त्याच सुमाराला केंद्र सरकारनं ओलाव्याची मर्यादा बारावरून पंधरा टक्के केली होती, बंगळूरला मोबाइलवर वाचलं होतं. म्हटलं, बरं झालं, साडेतेरा बसलं असेल.

अण्णांनी तंबाखू मळत माझ्याकडं बघितलं. “पंधरा केलं तवर माझं वाळून अकरावर आलं हुतं. वीस पोत्यांत पस्तीस किलो वजन उडालं. चार दिस आदी सांगितलं असतं तर वाळवलं कशाला असतं?”

चिमूट दाढेत ठेवून ते थोडा वेळ गप्प बसले. मग माझ्या बॅगेकडं हनुवटी केली.

“तुजी किती भरली?”

“चौऱ्याहत्तर.”

“बसती किती?”

“शंभर.”

“आकडा दावला का त्यांनी?”

“दाखवला.”

“मग काय तक्रार न्हाई,” अण्णा म्हणाले आणि ताडपत्री खांद्यावर टाकून गोठ्याकडं गेले. मी बॅग उघडली, चिकटपट्टी शोधली आणि त्या पुसत चाललेल्या ७४ वर लावली.